साहेलची माती: झाई खड्डे, दगडी ओळी आणि बुंध्यातून परत आलेली झाडं

भरड

साहेल म्हणजे आफ्रिकेतला, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा. त्यातल्या बुर्किना फासो देशाच्या उत्तरेला यातेंगा प्रांत आहे. पाऊस साधारण ४०० ते ६०० मिमी, म्हणजे आपल्या माण-खटाव, आटपाडीच्या जवळपास. तोही जून ते सप्टेंबरात, मोजक्या झोडपणाऱ्या सरींत उरकतो. १९६८ ते ७३ आणि पुन्हा १९८३-८४ असे दोन मोठे दुष्काळ या पट्ट्याने पाहिले. त्याआधीच लोकसंख्या वाढून जमीन आलटूनपालटून पड ठेवायची पद्धत मोडली होती. झाडं गेली, वरची माती गेली आणि खाली टणक, उघडी जमीन उरली. तिथल्या मोरे भाषेत तिला झिपेले म्हणतात.

ही जमीन पाणी पीत का नाही, हे आधी नीट बघू. थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीचे कण सुटे होतात. त्यातला बारीक गाळ छिद्रांत जाऊन बसतो आणि ऊन पडलं की मिलिमीटरभर जाडीची पापडी धरते. पुढची सर या पापडीवरून सरळ निघून जाते. उतार जेमतेम एक टक्का असला तरी पाणी थांबत नाही. सर संपल्यावर कुदळ घालून पाहिलं तर वीतभर खाली माती कोरडीच असते.

यावर तिथल्या शेतकऱ्यांनी जुनाच उपाय सुधारून घेतला, तो म्हणजे झाई खड्डा. गुर्गा गावच्या याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या सुमारास खड्डे मोठे आणि खोल केले आणि त्यांत खत घालायला सुरुवात केली. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ते गेले.

मापं अशी: व्यास २० ते ४० सेंमी, खोली १० ते २० सेंमी, दोन खड्ड्यांत ७० ते १०० सेंमी अंतर. ओळी उताराला आडव्या, आणि वरच्या ओळीतल्या दोन खड्ड्यांच्या मध्ये खालच्या ओळीतला खड्डा येईल अशा. निघालेली माती खालच्या बाजूला अर्धचंद्राकार टाकायची. वरच्या बाजूला टाकली तर पहिल्याच सरीत ती परत खड्ड्यात येते. खोदाई कोरड्या हंगामात. खत पाऊस सुरू व्हायच्या आधी, त्यावर थोडी माती, आणि पहिल्या भरघोस पावसावर ज्वारी किंवा बाजरी टोकायची.

एक हिशेब करून बघा. ३० सेंमी व्यासाच्या, १५ सेंमी खोल खड्ड्यात साडेदहा लिटर पाणी मावतं. १ मीटर बाय ८० सेंमी अंतराने हेक्टरी १२,५०० खड्डे बसतात. म्हणजे सव्वा लाख लिटरहून जास्त, सगळ्या रानावर पडलेल्या १३ मिमी पावसाएवढं पाणी जागेवर थांबतं. शिवाय सर चालू असताना मुरतं ते वेगळं. खड्ड्यांची तोंडं मात्र रानाच्या ९ टक्केच जागा घेतात. बाकीची ९१ टक्के पापडी आता पाणलोट म्हणून कामाला येते, त्यामुळे ती फोडायची गरजच उरत नाही. मला या पद्धतीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते.

तिफण

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. हेक्टरी १२,५०० खड्डे म्हणजे मजुरी किती? आणि खत नसेल तर नुसते खड्डे चालतील का?

भरड

@तिफण, मजुरी हाच यातला जड भाग. हेक्टरी ३०० तास आणि त्याहून वर धरा, कारण मे महिन्यात ती जमीन कुदळीला दाद देत नाही. त्यामुळे तिथले लोक एका वर्षात सगळं रान करत नाहीत. दरवर्षी थोडा तुकडा घेतात. पुढच्या वर्षी तेच खड्डे साफ करून वापरता येतात किंवा मधल्या जागेत नवे काढता येतात. बैलाच्या किंवा गाढवाच्या अवजाराने उभ्या-आडव्या रेघा मारून जिथे त्या छेदतात तिथेच खड्डा करायचा, अशीही पद्धत निघाली. वेळ अनेक पटींनी वाचतो, पण त्यासाठी जनावर सुदृढ हवं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी नेमकं ते नसतं.

खताशिवाय खड्डा म्हणजे अर्धं काम. मूळ रोग दोन आहेत: पाणी मुरत नाही आणि जमिनीत अन्न नाही. नुसत्या खड्ड्याने पहिला थोडा बरा होतो. प्रत्येक खड्ड्यात ३०० ग्रॅम, म्हणजे दोन मुठी कुजलेलं खत धरलं तर हेक्टरी पावणेचार टन लागतं. ते पूर्ण कुजलेलं हवं. कच्चं शेण टाकलं तर पावसाची उघडीप पडल्यावर रोप होरपळतं. काडीकचरा न कुजलेला असेल तर कुजताना तो रोपाच्या वाट्याचं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं.

खताचं आणखी एक काम आहे. त्याच्या वासावर वाळवी येते. खड्ड्याच्या तळाला ती बोगदे पाडते आणि त्यातून पाणी खाली उतरतं. कुदळीने जे होत नाही ते वाळवी फुकट करून देते. आपल्याकडे वाळवी दिसली की हात आधी औषधाकडे जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उत्पन्नाचं म्हणाल तर, जिथे काहीच येत नव्हतं तिथे कमी पावसाच्या वर्षी हेक्टरी ३००-४०० किलो आणि चांगल्या वर्षी १५०० किलोपर्यंत धान्य नोंदलं गेलं आहे.

ओघळ

धागा चांगला आहे, पण झाई एकटी उभी राहत नाही. वरून येणारा लोंढा अडवला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात सगळे खड्डे गाळाने बुजतात. यातेंगात त्यासाठी समपातळीवर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषेवर, दगडी ओळी घातल्या. १९७९ पासून ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या प्रकल्पात शेतकऱ्यांबरोबर हे काम झालं. त्यांची खरी कमाई म्हणजे पाण्याची नळी, कारण तिच्यामुळे अक्षरओळख नसलेला माणूसही समपातळी काढू लागला.

साहित्य: १० ते २० मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी, दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या, काठ्यांवर सारख्याच उंचीच्या खुणा. नळीची टोकं काठ्यांना बांधायची आणि वरून वीतभर रिकामं राहील इतकं पाणी भरायचं. पहिला माणूस काठी रोवून उभा राहतो. दुसरा नळीच्या लांबीवर जाऊन उताराने वर-खाली सरकतो. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आलं की तिथे खुंटी. मग पहिल्याने दुसऱ्याच्या खुंटीवर यायचं आणि दुसऱ्याने पुढे जायचं.

चुका ठरलेल्या असतात:
– नळीत हवेचा बुडबुडा राहतो. मग दोन्हीकडची पातळी जुळूनही ती खोटी असते. काम सुरू करण्याआधी दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून पाणी सारखं दिसतंय का बघा. मध्येच, विशेषतः ऊन तापल्यावर, पुन्हा बघा.
– चालताना टोकावरचा अंगठा सुटतो आणि पाणी सांडतं. सांडलं तर दोन्ही खुणा नव्याने लावा.
– काठी उंदराच्या बिळावर नाहीतर ढेकळावर टेकवली जाते. चार बोटांचा फरक इथेच पडतो.
– खुंट्या नागमोडी आल्या की लोक ओळ सरळ करायला बघतात. बारीक वळणं काढा, मोठं वळण तसंच राहू द्या. सरळ ओळ डोळ्याला बरी दिसते, पण पाणी तिच्या खोलगट जागी गोळा होऊन तिथेच फोडतं.

ओळीखाली १० सेंमी खोल चर घेऊन मोठे दगड त्यात बसवायचे आणि बारीक दगड वरच्या, म्हणजे पाणी येणाऱ्या बाजूला. उंची २५ सेंमी पुरे. दोन ओळींत २५ सेंमीचा उभा फरक धरला तर एक टक्का उतारावर २५ मीटर अंतर पडतं, म्हणजे हेक्टरी ४०० मीटर ओळ. दगड साधारण ३५ ते ४० टन, आपल्या हिशेबात आठ-साडेआठ ब्रास. दगड लांबून आणायचा असेल तर सगळा खर्च ट्रकच्या भाड्यात जातो. दगड कमी असलेल्या भागांत हे काम मागे पडलं ते याचमुळे.

ओळीच्या वर गाळ साठला की त्यात आंद्रोपोगोन गवताचे ठोंब किंवा बी लावतात. दोन-तीन पावसाळ्यांत दगडापेक्षा गवतच जास्त काम करू लागतं.

जेसीबीवाला नाही

एवढ्या खटाटोपापेक्षा मशीन लावून मातीचे बांध घातले तर? आठवड्यात गाव उरकेल.

ओघळ

@जेसीबीवाला नाही, हे यातेंगात करून झालंय. १९६२ ते ६५ या काळात जेरेस नावाच्या प्रकल्पाने मोठ्या यंत्रांनी सुमारे १,२०,००० हेक्टरांवर मातीचे बांध आणि चर काढले. शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही. बांध त्याच्या रानातून गेले, पण त्याच्या लेखी ते सरकारचे. उंदराच्या बिळातून आणि गुरांच्या वाटेवरून ते फुटले. फुटलेला मातीचा बांध नसलेल्या बांधापेक्षा वाईट, कारण शंभर मीटरवरचं पाणी तो एका तोंडातून सोडतो आणि खाली ओघळ पडते.

दगडी ओळीतून पाणी झिरपतं. ती पाणी अडवून धरत नाही, त्याचा वेग तोडते. वेग तुटला की गाळ, काडीकचरा, बी मागे राहतं. दोन दगड सरकले तर संध्याकाळी हाताने परत बसवता येतात.

मातीचा बांध घालायचाच असेल तर सांडवा आधी आखा, मग बांध. आपल्याकडेही कंपार्टमेंट बंडिंग (रानाचे कप्पे पाडून घातलेले मातीचे बांध) फुटतं तेव्हा दहातली आठ कारणं सांडव्याची असतात. (हा आकडा अंदाजपंचे, भावना पोचावी.)

दुष्काळी

झाडांचं कोणी बोललंच नाही. सहारा दक्षिणेला सरकतोय, तो थोपवायला झाडांची भिंत उभी करायचं काम आफ्रिकी संघाने २००७ मध्येच हाती घेतलं आहे ना? डाकारपासून जिबूतीपर्यंत.

खुरपं

@दुष्काळी, आधी "सरकतोय" बघू. १९७५ मध्ये सुदानात ह्यू लॅम्प्री यांनी पाहणी करून वाळवंट १७ वर्षांत ९०-१०० किमी दक्षिणेला आल्याचं मांडलं. त्यावरून वर्षाला साडेपाच किमी हा आकडा जगभर फिरला. पण ही तुलना बऱ्या पावसाचा काळ आणि दुष्काळातलं वर्ष यांच्यात होती. पुढे उपग्रहाच्या चित्रांत दिसलं की हिरवळीची सीमा पावसाबरोबर वर-खाली होते. जमीन खरोखर बिघडते ती गावाभोवती, विहिरीभोवती, गुरांच्या वाटांवर, ठिगळाठिगळांनी. एका रेषेवर भिंत बांधून ठिगळं भरत नाहीत.

हिरव्या भिंतीचं उद्दिष्ट २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर. २०२० च्या आढाव्यात ठरलेल्या पट्ट्यातलं काम सुमारे ४० लाख हेक्टर भरलं. कल्पनाही आता बदलली आहे. १५ किमी रुंद झाडांचा पट्टा मागे पडून वेगवेगळ्या कामांचा तो एक गोधडीसारखा नकाशा झालाय.

रोपं मरतात त्याची कारणं साधी आहेत. पिशवीतलं रोप पावसाळ्याच्या मध्यावर लागतं, मूळ खाली जायच्या आत पाऊस संपतो, आणि पुढे आठ महिने कोरडे. त्यात मोकाट शेळ्या. आणि राखायचं कोणी, हे ठरलेलं नसतं.

नायजरच्या मारादी भागात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या हाताखाली अशीच लागवड मरत होती. १९८३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की रानातली खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आहेत. मुळं खोल, जागेवर बसलेली, आणि दरवर्षी पेरणीच्या आधी शेतकरी फुटवे छाटून टाकतो म्हणून झाड वर येत नाही. सावादोगोंना मिळाला त्याच वर्षी, २०१८ मध्ये, तोच पुरस्कार रिनॉडोंनाही मिळाला.

करायचं ते असं:

कोणते बुंधे राखायचे ते आधी ठरवा. पीक किती, सरपण किती, चारा किती हवा, यावर संख्या ठरते. नायजरमध्ये हेक्टरी ४० च्या पुढे राखलेली रानं आहेत. प्रत्येक बुंध्यावरचे सरळ, जाड ३ ते ५ फुटवे ठेवा, बाकीचे तळातून कापा. ठेवलेल्या फुटव्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या फांद्या काढा, वरचा अर्धा भाग हात न लावता ठेवा. फांदी खालून वर कापा. वरून खाली घाव घातला तर साल सोलत जाते आणि तिथून कीड शिरते. दर दोन ते सहा महिन्यांनी येऊन नवे फुटवे काढा. नंतर दरवर्षी एखादा खांब सरपणाला घेता येतो, त्याच्या जागी नवा फुटवा धरायचा. कापलेली पानं रानातच पसरा.

चुका: सगळेच फुटवे ठेवले तर झुडूप झुडूपच राहतं. पहिल्याच वर्षी एकच फुटवा ठेवला आणि वाऱ्याने मोडला तर वर्ष गेलं. हाव धरून शेंड्यापर्यंत सोललं तर खोड बारीक राहून वाकतं.

वरंबा

कोणती झाडं ही? आपल्याकडच्या धावडा-पळसासारखी फुटणारी?

खुरपं

हो, फुटण्याच्या बाबतीत तशीच. तिथे पिलिओस्टिग्मा खूप. कांचन-आपट्याच्या गोतावळ्यातलं, पानही तसंच दुभंगलेलं. गिएरा, कोम्ब्रेटम आहेत. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे गाओ, शास्त्रीय नाव फाइडर्बिया अल्बिडा. आधी त्याला बाभळीच्याच वंशात धरत. गंमत म्हणजे हे पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं असतं. त्यामुळे बाजरीला सावलीचा त्रास नाही, पानगळीचं खत ऐन पिकात, नत्र स्थिर करणारी मुळं, आणि उन्हाळ्यात शेंगा गुरांना. नायजरच्या झिंदेर भागात गाओखाली बाजरीची रानंच्या रानं आहेत.

पण तंत्र अर्धीच गोष्ट आहे. फ्रेंच राजवटीच्या १९३५ च्या वनकायद्याने झाडं सरकारची झाली होती. स्वतःच्या रानातलं झाड तोडलं तर दंड. मग शेतकरी शहाणपणाने झाड होऊच देत नसे. १९८० च्या दशकापासून अंमलबजावणी ढिली झाली आणि झाड राखील त्याचं, असा व्यवहार रुळला. दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडी परत आली. बाहेरच्यांना हे कळायला २००० नंतरचं दशक उजाडावं लागलं, ख्रिस राइज आणि ग्रे टॅपन या संशोधकांनी जुनी-नवी हवाई आणि उपग्रह चित्रं शेजारी ठेवली तेव्हा.

दुष्काळी

पण १९९० नंतर साहेलात पाऊसही सुधारला. मग हे श्रेय शेतकऱ्याचं की ढगांचं?

खुरपं

रास्त शंका. पावसाचा वाटा आहेच. पण नायजर-नायजेरिया सीमेच्या दोन्ही बाजूंना पाऊस आणि माती सारखी, तरी झाडी नायजरच्या बाजूला दाट. पाऊस सीमा बघून पडत नाही.

वरंबा

आता मुद्द्याचं. झाई आपल्याकडे चालेल का? माझं मत: काळ्या भारी जमिनीत अजिबात नाही. ती भिजली की फुगते, खड्ड्यात पाणी तुंबतं, आठ दिवसांत मूळ सडतं. तिथे रुंद वरंबा सरी बरी, जादा पाणी सरीतून बाहेर जातं. साहेलातसुद्धा झाई ३०० ते ८०० मिमी पावसाचीच. त्याखाली खड्डा भरत नाही, त्यावर पीक बुडतं. वाळूच्या रानात खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि वाऱ्याने तो भरतो.

आपल्या मुरमाड माळावर धान्यासाठी उपयोग नाही, कारण १५ सेंमीवर मुरूम लागतो. पण गवतासाठी आणि बोर, सीताफळासाठी अर्धचंद्र चांगला. साहेलातलं माप: व्यास ४ मीटर, खोली १५ ते २० सेंमी, माती खालच्या बाजूला कमानीसारखी, दोन्ही टोकं समपातळीवर. ओळीत मध्यापासून मध्यापर्यंत ८ मीटर, दोन ओळींत ४ मीटर, म्हणजे हेक्टरी ३१३. एका खड्ड्याला ३२ चौरस मीटर जागा, त्यातली सव्वासहा खड्ड्याची, बाकी पाणलोट. प्रमाण साधारण १:४. आपली सर जास्त जोराची असते, म्हणून इथे ओळी जवळ घ्या आणि टोकं दगडाने पक्की करा. टोक बसलं की पाणी कडेने कापत जातं.

एक टोक दुसऱ्यापेक्षा चार बोटं खाली राहिलं तर सगळी कमान फुकट. ओघळरावांची नळी इथेही लागेल. समपातळी काढायची दुसरी साधनं, ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर, असतील तर त्यांनीही भागेल.

तिफण

माती खरंच थांबतेय की नाही हे कसं मोजायचं? सगळे "फरक पडला" म्हणतात.

भरड

खिळे ठोका. ८-१० मिमी जाडीची, ३० सेंमी लांबीची सळई, ५ सेंमी वर ठेवून. पावसाळ्याआधी आणि नंतर वरच्या टोकापासून जमिनीपर्यंत मिलिमीटर पट्टीने मोजायचं. एका खिळ्याने काही कळत नाही. एका रानात २० तरी हवेत, ओळीच्या वर, खाली आणि मध्ये, शिवाय शेजारच्या काम न केलेल्या रानात तितकेच. ठोकताना भोवतालची माती पायाने दाबू नका. काळ्या जमिनीत ही पद्धत वापरू नका, फुगण्या-आकसण्याने खिळाच वर-खाली होतो.

१ मिमी माती म्हणजे हेक्टरी १० घनमीटर, साधारण १३ टन. भारताची सरासरी धूप १९८३ मध्ये हेक्टरी वर्षाला १६.३५ टन काढली होती, म्हणजे सव्वा मिलिमीटर. डोळ्याला हे दिसत नाही. दिसतं तेव्हा झाडाची मुळं उघडी पडलेली असतात.

अवांतर: इस्रोच्या २०२१ च्या नकाशासंग्रहात देशाची २९.७७ टक्के जमीन बिघडलेली दाखवली आहे आणि कारणांत पाण्याने होणारी धूप पहिली. राजस्थानातल्या वाळूचे फोटो त्या बातमीबरोबर छापणाऱ्यांनी हे वाचलं नसावं.

जेसीबीवाला नाही

चराईचं काय? चर, खड्डे, बुंधे सगळं केलं आणि शेजारच्या गावच्या शेळ्या आल्या तर?

ओघळ

चीनच्या लोएस पठारावर १९९४ पासूनच्या प्रकल्पात उतारावरची मोकाट चराई बंद केली आणि जनावरं गोठ्यात आणली. गवत आपोआप आलं. पण तिथे शासनाचा हात जड आहे. साहेलात फुलानी पशुपालक दरवर्षी येणारच. म्हणून करार असतो: सुगीनंतर कळप रानात बसवायचा, शेण शेतकऱ्याला, धसकटं गुरांना. झाईला लागणारं खत बऱ्याचदा असंच येतं. आपल्या धनगरांचं मेंढरं बसवणं तेच. बंदी घालायची तर पहिली दोन वर्षं फक्त ओळींवर आणि बुंध्यांभोवती काटेरी फांद्या टाकून घाला, आणि कळपाला पाण्यापर्यंत जायला एक वाट आखून द्या. वाट दिली नाही तर तो तुमच्या दगडी ओळीवरूनच जाईल. वाटेला उभा उतार देऊ नका, तिरपी न्या. नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात तीच ओघळ होते.